उसनं मनगट

"मनगट वर उचला," शबाना मुल्ला म्हणाली, "पण उचलायचं मनात आणू नका. मनात एवढंच आणा, की पंजा पालथा करायचाय."

आदल्या दिवशी माझ्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. बार्शीतल्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी टेबलावर हात टाकून बसलो होतो, आणि ही माझ्या भाचीच्या वयाची पोरगी, तिथली व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण, मला असलं काहीतरी सांगत होती. मी न्हावी माणूस. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायच्या आणि त्यात आपल्या चार घालायच्या, यात माझं आयुष्य गेलेलं. येड्या-शहाण्याचं बोलणं मला नवं नव्हतं. पण अडला हरी म्हणतात तसं झालं होतं. मी पंजा पालथा करायचं मनात आणलं, आणि मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं वर्षभर लोंबणारं माझं मनगट कणभर वर आलं.

माझी बायको गोदा दाराशी पिशवी घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी दचकून विचार सोडला, तसं मनगट पुन्हा टेबलावर पडलं.

"हे कुणी उचललं?" मी विचारलं.

"तुम्हीच, काका. पण उसन्या स्नायूनं."

आता हे उसनं कुठनं आलं ते सांगायला पाहिजे. करमाळ्याला एसटी स्टँडच्या मागं आमचं दुकान. आमचं म्हणजे मामांचं. तात्याबा काशीद हे माझे सख्खे मामा. माझा बाप लहानपणीच गेला, तेव्हा मामांनी मला घरी नेलं, पालथ्या मडक्याला साबण फासून त्यावर वस्तरा चालवायला शिकवलं, पुढं आपली पोरगी दिली, आणि हात थकल्यावर दुकानातली पहिली खुर्चीही दिली. पहिली खुर्ची म्हणजे दाराजवळची, मोठ्या आरशासमोरची. दुसरीवर त्यांचा मुलगा अंकुश, माझा मेहुणा. अंकुशला याचं कधी वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, पण त्यानं दाखवलंही नाही. हात ज्याचा चांगला त्याची पहिली खुर्ची, हा मामांचा कायदा होता आणि मामांच्या कायद्यापुढं घरात कुणाचं चालत नसे.

मग एका संध्याकाळी लुनावरून येताना मी उसाच्या ट्रॉलीला धडकलो आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण दंडाला एक नस असते, काठीला वेल चढावा तशी हाडाला वळसा घालून खाली जाते. हाड मोडताना ती तुटली होती. मनगट लोंबलं, बोटं मिटायची पण उघडायची नाहीत, अंगठा तळव्यात पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, नस वाढते का वाट पाहू. वाट पाहिली. वर्ष गेलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी असं लोक म्हणतात, पण तुंबड्या लावायलाही हात लागतो. मला तेवढंही जमत नव्हतं. गिऱ्हाइकं दाराशी थांबून हाताची चौकशी करायची आणि आत जाऊन अंकुशच्या खुर्चीवर बसायची. त्यांचं काय चुकलं? माझ्या जिवाला मात्र एकच लागून राहिलं होतं. माझ्या हातात पुन्हा वस्तरा येणार का, आणि आला तर त्याखाली मान कोण देणार?

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि मला या पोरीच्या ताब्यात दिलं.

"मला समजंल असं सांगा," मी तिला म्हणालो. "आंधळेपणानं मी काही करणार नाही."

तिनं माझ्याकडं जरा बघितलं, मग गोदाला विचारलं, पिशवीत फणी आहे का. गोदाच्या पिशवीत नाही असं काही नसतं. एक फणी तिनं काढली, एक माझ्या खिशात होतीच. शबानानं दोन्ही फण्या समोरासमोर धरल्या आणि एकीचे दाते दुसरीच्या दात्यांत अर्धे घुसवले.

ती म्हणाली, दंडावरचं मांस म्हणजे काही एक गोळा नसतो. चऱ्हाटात पेड असतात, पेडात सुतळ्या, सुतळीत तंतू, तसंच ते असतं, जुडीत जुडी. अगदी आतल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या तंतूत अशा लाखो फण्या एकापुढं एक लावलेल्या असतात. एक जाड दात्यांची, एक बारीक दात्यांची. जाड दात्यांना बारकेबारके आकडे असतात. वरून हुकूम आला की आकडे बारीक दात्यांना धरतात, मुडपतात, सोडतात, पुढं पकडतात, पुन्हा मुडपतात. असं करत फण्या एकमेकींत सरकत जातात. तिनं त्या आत सरकवून दाखवल्या. "आता बघा. दाते आखडले का?"

"नाही. दाते तेवढेच हायेत."

"पण दोन्ही मिळून लांबी?"

"कमी झाली."

"झालं. स्नायू आखडतो म्हणजे एवढंच. सगळे मिळून आत सरकतात."

जन्मभर फण्या हाताळल्या, पण माझ्या अंगात त्या इतक्या असतील असं कधी मनात आलं नव्हतं. मी विचारलं, मग ढकलायचं कसं? ती म्हणाली, स्नायू ढकलतच नाही. त्याला एकच काम येतं, ओढायचं. म्हणून तर देवानं जोड्या लावल्यात. वाकवणारा एका बाजूला, सरळ करणारा दुसऱ्या बाजूला. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं. माझे मनगट उचलणारे आणि बोटं उघडणारे स्नायू धडधाकट होते, पण त्यांना हुकूम पोचवणारी तारच तुटली होती, आणि बसून बसून ते वाळून गेले. म्हणून डॉक्टरांनी ज्यांची तार शाबूत होती अशा बाजूच्या तिघांना उसनं घेतलं. पंजा पालथा करणारा सोडवून मनगटाच्या पाठीला बांधला. मनगट करंगळीकडं आत मोडणारा बोटांच्या पाठीला. आणि तिसरा, एक बारीकसा, अंगठ्याला.

"पण त्यांना काय माहीत, आपण आता कुठं बांधलेले आहोत?" ती म्हणाली. "जुना हुकूम मिळाला तरच ते आखडणार. मनगट उचलायचं असेल तर पंजा पालथा म्हणायचं. बोटं उघडायची तर मनगट आत मोड म्हणायचं."

"म्हणजे घरजावयासारखं," मी म्हणालो. "राबायचं इकडं आणि ऐकायचं तिकडचं."

ती हसली. गोदा हसली नाही, कारण बोलणं तिच्या बापाच्या घरावर आलं होतं. तिनं विषय बदलायला विचारलं, तो तिसरा बारीकसा काढून घेतला तर त्याचं काम आता कोण करणार? शबाना म्हणाली, त्याच्यावाचून काही अडत नाही, कित्येकांना तो जन्मतःच नसतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवलं की मधोमध दोरी उठते, तोच तो. गोदानं लगेच दोन्ही हात करून बघितले. तिच्या एकाही मनगटावर दोरी उठली नाही. ते तिच्या मनाला फार लागलं. परतीच्या एसटीत टेंभुर्णीपर्यंत ती पुन्हा पुन्हा हात बघत होती.

घरी आल्यावर शाळा सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ गोदा समोर बसून हुकूम सोडायची. पालथा. मोड. पालथा. मोड. शेजारच्या बायकांना वाटायचं, ही नवऱ्याला उठाबशा काढायला लावते. सुरुवातीला तर फजितीच फार. घास तोंडाशी नेताना मनगट सवयीनं आत मोडलं जायचं, की बोटं आपोआप उघडायची आणि आमटीभात मांडीवर. कुणी रामराम केला तर हात वर नेताना मी मनातल्या मनात "पालथा, पालथा" असं पुटपुटायचो, आणि समोरच्याला वाटायचं, अपघातात याच्या डोक्यालाही मार लागलाय.

पण मी सोडलं नाही. मनगट आधी कपबशी उचलण्याइतकं वर आलं, मग भरल्या तांब्याइतकं. तेव्हा कुंभाराकडून एक मडकं आणलं, पालथं घातलं, साबण फासला, आणि मिसरूड न फुटलेल्या वयात जे केलं होतं ते चाळिशीच्या तोंडावर पुन्हा सुरू केलं. मामा ओसरीवर बसून बघायचे. बोलायचे क्वचित, आणि बोलले तर तिरकंच. एकदा म्हणाले, "दाढी बरी झालीय मडक्याची. मिशी ठीव म्हनावं."

मग एक दिवस मेडिकलवाले दोशी दुकानात आले आणि आपल्या पायानं माझ्या खुर्चीवर बसले. भला माणूस. म्हणाले, भानुदास, वर्षाच्या वर झालं, तुझ्या हाताची दाढी नाही. माझं काळीज सुपाएवढं झालं. मी साबण केला, पातं बदललं, आणि मनात हुकूम देत देत उजवा गाल घेतला. छान निघाला. डाव्या कानाखाली वस्तरा नेला, आणि दुकानाच्या दारातच एसटीच्या ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न दिला.

अशा वेळी न्हाव्याचा हात काय करतो? पातं अंगावरून उचलतो. मनगट मागं, बोटं घट्ट. ते कुणी शिकवत नाही, ते अंगात मुरतं. पण माझं अंग आता जुनं राहिलं नव्हतं. मी घाबरलो आणि घाबरून मनगटाच्या जागी बोटांचा हुकूम दिला. मोड! पाचही बोटं उघडली. वस्तरा सुटला, जाताजाता दोशींच्या कानाची पाळी कापून त्यांच्या मांडीवर पडला.

जखम मोठी नव्हती, तुरटीनं थांबली. पण कानाचं रक्त फार दिसतं. दोशी "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले, उरलेली दाढी अंकुशनं केली, आणि जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हातही ठेवला. पुढच्या वेळी मात्र आल्या आल्या ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रात्रीत गावभर झालं. अंकुश एकदा हळूच म्हणाला, भाऊजी, तुम्ही मशिननं पोरांची कटिंग करा, वस्तऱ्याचं मी बघतो. तो समजुतीनंच बोलला. पण मला ते जिव्हारी लागलं, आणि पहिली गाडी धरून मी बार्शीला गेलो.

"बाई," मी शबानाला म्हणालो, "ते स्नायू जिथले तिथं परत लावा. लोंबका हात परवडला. तो निदान कुणाला कापत तरी नव्हता."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातात तिनं एक पेन्सिल दिली आणि वस्तरा धरतो तशी धरायला सांगितली. धरली. तिनं माझ्या कोपराखाली बोटं दाबली.

"केवढी आवळलीय. दगड झालाय नुसता. सोडा जरा."

सोडायला गेलो तर पेन्सिलच पडली.

ती म्हणाली, "काका, हातानं काही चूक केली नाही. हाताला जो हुकूम मिळाला तो त्यानं पाळला. तुम्ही घाबरता म्हणून आवळता, आणि आवळल्यावर हाताला कुठं जायला जागाच राहत नाही. ते आकडे सांगितले ना तुम्हाला? धरून राहायला त्यांना काही लागत नाही. सोडायला ताकद लागते. म्हणून तर माणूस मेल्यावर ताठतो. ताकद संपली, आकडे सुटेनात."

मला ते पटलं. मेलेल्या माणसाची शेवटची दाढी मी कितीदा केलीय, तो जबडा मला माहीत आहे.

"मग हे हुकूम द्यायचं कधी संपणार?"

"ज्या दिवशी तुम्ही द्यायचं विसराल. डोकं नवी वाट पाडतं, पण चालून चालून. पाऊलवाटेसारखं. घाई नाही करता येत."

"पन घाबरल्यावर मी जुन्याच वाटेनं पळतो त्याचं काय?"

"मग घाबरून घाबरून सराव केला पाहिजे," ती म्हणाली. "पण तसा सराव मी इथं देऊ शकत नाही. ते तुमचं तुम्हालाच बघावं लागेल."

खरं बोलणारा माणूस मला आवडतो. मी परत आलो ते ठरवूनच. पहिली खुर्ची सोडायची नाही, आणि हात तयार झाल्याशिवाय तिथं कुणाला बसवायचंही नाही. अंकुश म्हणाला, रिकामी खुर्ची दुकानात बरी दिसत नाही, एखादा कारागीर ठेवू. मी म्हणालो, रिकामीच राहू दे. तो मामांकडं बघायला लागला. मामा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. म्हणजे खुर्ची रिकामी राहिली.

घाबरवायचं काम गोदानं अंगावर घेतलं. मी मडक्यावर वस्तरा चालवायला लागलो की ती माझ्या पाठीमागं परात आपटायची, कागदाची पिशवी फुगवून फोडायची, एकदा तर "साप, साप" म्हणून अशी ओरडली की शेजारचे काठ्या घेऊन आले. माझ्या हातून मडकी फुटायची आणि ती नवी आणायची. एकदा कुंभार तिला दबक्या आवाजात विचारता झाला, घरात कुणाचं काही कमी-जास्त तर नाही ना? सारखी मडकी न्यायला लागल्यावर दुसरं काय वाटणार त्याला. घरी येऊन हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "माझ्या मनगटात ती दोरी असती," ती म्हणाली, "तर काढून दिली असती तुमास्नी." तिला वाटायचं, माझी उसनी दोरीच कमअस्सल निघाली. मी तिला समजावलं, दोरी चांगली आहे, मीच कच्चा आहे.

हळूहळू हात सुधारला. बटणं लागायला लागली, नाडीची गाठ सुटायला लागली, मडकी फुटायची थांबली. अंकुशनं एक दिवस आपणहून गाल पुढं केला. दोन्ही गाल घेतले, हनुवटी घेतली. पण गळ्याशी आलो आणि मी वस्तरा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, करा की. मी नाही केला. पुढं चार ओळखीच्यांच्या दाढ्याही केल्या, अंकुश शेजारी उभा असताना. दर वेळी गळा आला की मी बाजूला व्हायचो आणि तो पुरा करायचा. कारण मला एक कळून चुकलं होतं. गोदा पाठीमागं परात घेऊन उभी आहे हे माझ्या पाठीला आधीच कळायचं. ते खरं घाबरणं नव्हतंच. आणि मडक्याला गळा नसतो.

अर्धी दाढी करणारा न्हावी म्हणजे काय, ते कुणी सांगायला नको. मी रोज झिजत होतो, पण हटत नव्हतो.

मग तो सोमवार आला. सोमवारी आमचं दुकान बंद. अंकुश बायको-पोरांना घेऊन जेजुरीला गेला होता. मी दुपारी दुकानात एकटाच, वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या पट्ट्याला तेल लावत बसलो होतो, तर शटर अर्धं वर झालं आणि वाकून मामा आत आले. त्यांनी शटर पुन्हा खाली ओढलं, टोपी खुंटीला लावली, आणि पहिल्या खुर्चीवर बसले. मामांची दाढी रोज सकाळी अंकुश करायचा. त्या दिवशी तो नव्हता, म्हणून गालावर पांढरे खुंट होते.

"कर," मामा म्हणाले.

मी म्हणालो, अंकुश संध्याकाळी येतोय.

"संध्याकाळी मला काय लगीन लावायचंय का? कर म्हनलं ना."

"गालाची करतो, मामा."

"गळ्यासकट. अर्धी दाढी घिऊन मी गावातनं जानार न्हाय."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी टॉवेल बांधला, साबण घोळवला. मामांचं कातडं आता सैल पडलं होतं, डाव्या हातानं ताणून धरावं लागत होतं. ज्या माणसानं वस्तरा धरायला शिकवलं त्याच्याच गालावर मी वस्तरा ठेवला. पातं चालायला लागलं, आणि त्या खरखर आवाजानं मला बरं वाटत गेलं. मामा डोळे मिटून बसले होते. मधेच बोलायला लागले, गोदा लहानपणी कशी हट्टी होती, नाकात चिंचोका घालून घेतला होता, तो काढताना वैद्याच्या बोटाला कशी चावली. मी ऐकत होतो, हूं हूं करत होतो. कधी हनुवटीखाली आलो ते मला कळलंही नाही. डाव्या हातानं हनुवटी वर केली, कातडं ताणलं, आणि वस्तरा गळ्याच्या घाटीवर ठेवला.

तेवढ्यात मामा खोकले.

साधं खाकरले नाहीत. छातीच्या तळातून ढास यावी तसे, मान पुढं फेकून, पात्यावरच खोकले.

माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा समोरच्या आरशात मला दिसलं ते असं: मामांची मान पुढं आलेली, गळ्यावर पांढरा फेस, फेसात रक्ताचा थेंब नाही. आणि वर, त्यांच्या कानाच्याही वर, माझा उजवा हात. मनगट ताठ मागं, बोटांत वस्तरा घट्ट.

मी पालथा म्हटलं नव्हतं. मोड म्हटलं नव्हतं. मनात काहीच आणलं नव्हतं. तो हात मी कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिलो.

"पानी देऊ?" मी कसंबसं विचारलं.

"नको. खोकला कुठं आला हुता मला."

कळायला मला एक क्षण लागला. मग माझं डोकं भडकलं. ज्या माणसापुढं मी उभ्या जन्मात वर मान केली नव्हती, त्याला मी तोंडाला येईल ते बोललो. गळ्यावर पातं असताना असं कुणी करतं का, वय काय, अक्कल काय, आत्ता काही झालं असतं तर गोदाला मी काय तोंड दाखवलं असतं. मामा सगळं ऐकत बसले. माझा दम संपल्यावर आरशातूनच माझ्याकडं बघत म्हणाले,

"तुजी भीती कुनाच्या ना कुनाच्या गळ्यावर उतरनार हुतीच, भानू. परक्याच्या कशाला?"

वस्तरा धुवायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं आणि रडलो. ते सांगायला लाज वाटत नाही.

"रडून झालं आसंल तर ऱ्हायलेली बाजू घे," मामा मागून म्हणाले. "फेस वाळायलाय."

मी वळलो. टॉवेल एका बाजूनं सरकला होता, तो नीट करायला वाकलो, तेव्हा त्यांचे हात दिसले. खुर्चीचे दोन्ही दांडे त्यांनी असे आवळून धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आवाज नेहमीसारखा तिरका, पण हात अजून तिथंच होते. मी म्हणालो, मामा, झालं आता, सोडा. त्यांनी सोडायला बघितलं. बोटं सुटेनात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत तिरकं काही नव्हतं.

मी वस्तरा खाली ठेवला. उजव्या हातानं त्यांचं एक एक बोट दांड्यावरून सोडवलं, आधी एका हाताचं, मग दुसऱ्याचं. मग वस्तरा उचलला आणि राहिलेली बाजू घेतली.